शंभरचे चॅनल नेमके किती किलोचे?

एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की परभणी जिल्ह्यात कधी जिंतूरकडून, कधी पालम-गंगाखेडकडून धुळीचा लोट उठतो. पंधरा-वीस मिनिटे वादळ घोंगावते आणि निघून जाते. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर ठरलेली छायाचित्रे येतात. शेजारच्या रानात जाऊन पडलेले पत्रे, आडवा झालेला गोठा, गुडघ्यात मोडल्यासारखी वाकलेली शेड. बातमीत किती पत्रे उडाले याची मोजदाद असते, पंचनाम्यातही असते. ते पत्रे ज्या लोखंडावर टेकले होते, त्याविषयी मात्र कुठेच अक्षर नसते.

ते लोखंड बहुतेक वेळा चॅनल असते. चौकोनी कंसासारखा आकार, एक उभी पाठ आणि तिच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला निघालेले दोन बाहू. फॅब्रिकेशनवाले पाठीला वेब आणि बाहूंना फ्लँज म्हणतात. मानवत-सेलूच्या जिनिंगमधील शेड असो, उसाच्या ट्रॉलीची चासी असो, गच्चीवरील टाकीचा स्टँड असो की दुकानातला पोटमाळा, भार शेवटी या कंसावरच येतो. आणि ते विकत घेताना बहुतेक गिऱ्हाईक दुकानात दोनच शब्द बोलते, ‘शंभर बाय पन्नास’. म्हणजे पाठ शंभर मिलिमीटर, बाहू पन्नास मिलिमीटर.

घोळ इथेच सुरू होतो. गरम लाटलेल्या पोलादी आकारांची मापे आयएस ८०८ या भारतीय मानकात दिलेली आहेत. त्यात शंभर मिलिमीटर उंचीचे चॅनल एकच नाही. आयएसएमसी, म्हणजे मध्यम वजनाचे, मीटरला ९.५६ किलो भरते. आयएसएलसी, म्हणजे हलके, ७.९ किलो. आयएसजेसी त्याहून हलके, ५.८ किलो, आणि त्याचे बाहू ४५ मिलिमीटरचे. पहिल्या दोघांची बाहेरची मापे मात्र अगदी सारखी, दोन्ही ‘शंभर बाय पन्नास’. फरक आहे तो जाडीत. मध्यम चॅनलची पाठ ५ मिलिमीटर आणि बाहू ७.७, हलक्याची पाठ ४ आणि बाहू ६.४. टेप लावून हा फरक कळत नाही. लाल ऑक्साइडचा रंग एकदा मारला की डोळ्यालाही कळत नाही. वीस फुटी नगात तो सुमारे दहा किलोंचा असतो. एक नग अठ्ठावन्न किलोंच्या घरात, दुसरा अठ्ठेचाळीसच्या. (जुन्या तक्त्यांत मध्यम चॅनलचे वजन ९.२ किलो छापलेले सापडते. मानकाच्या नंतरच्या आवृत्तीत जाडी थोडी वाढली, म्हणून हा फरक.)

हलके चॅनल वापरणे म्हणजे फसवणूक नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. मानकाने त्याला जागा दिली आहे ती हलक्या कामासाठी. प्रश्न असा की गिऱ्हाइकाने काय मागितले, आराखड्यात काय धरले होते आणि प्रत्यक्ष काय उभे राहिले, या तिन्हींचा मेळ बसतो का. त्यातही बाजारात मानकातल्या हलक्या चॅनलपेक्षाही पातळ लाटलेला माल ‘शंभर’ याच नावाने फिरतो. तो कसा तयार होतो, हे समजण्यासाठी रोलिंग मिलमध्ये डोकवावे लागेल.

परभणीकरांना त्यासाठी लांब जायची गरज नाही. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर सेलू आणि परतूर मागे टाकले की जालना येते. परतूर तालुका १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होता, इतके हे शेजारचे गाव. जालन्याची ओळख बियाण्यांची आणि पोलादाची. तिथला मुख्य माल बांधकामाचे गज हा आहे. चॅनल, अँगल, गर्डर यांसाठी मराठवाड्याचा बाजार रायपूर-भिलाई पट्ट्याकडेही पाहतो. पण गज काय आणि चॅनल काय, दोन्हींचा जन्म एकाच पद्धतीने होतो. वेगळे असतात ते फक्त शेवटचे रोल.

सुरुवात भंगारापासून होते. मोडकी यंत्रे, जुने पत्रे, कापलेले गज आणि जोडीला स्पंज आयर्न हे सगळे विजेच्या इंडक्शन भट्टीत पडते. या भट्टीत जाळ नसतो. भांड्याभोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे असते, त्यातून वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि आतल्या लोखंडातच विद्युतप्रवाह फिरू लागून ते स्वतःच तापते. दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे ते पाण्यासारखे होते. मग पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्यातून ते ओघळत खाली येते आणि गोठत गोठत चौकोनी लांब कांबीचे रूप घेते. हीच बिलेट.

ही बिलेट पुन्हा ११०० ते १२०० अंशांपर्यंत तापवतात. काही कारखाने ओतलेली बिलेट गरम असतानाच थेट लाटायला घेतात, त्यामुळे इंधन वाचते. भट्टीतून बाहेर आलेली बिलेट पिवळीधमक असते. तिच्या अंगावर पापुद्रे असतात. ते म्हणजे उष्णतेत हवेशी संयोग होऊन जळालेले लोखंड. पुढचा खेळ मिनिटांचा असतो. पोलाद गरम आहे तोवरच ते कणकेसारखे वागते.

पोळी लाटताना कणकेचा गोळा सपाट होतो, कारण लाटणे सपाट आहे. मिलमधल्या लाटण्यांना खाचा असतात. अशा खाचांच्या रोलचे पेटंट इंग्लंडमध्ये हेन्री कोर्ट याने १७८३ साली घेतले, आणि आजची प्रत्येक मिल त्याच कल्पनेवर चालते. वर एक रोल, खाली एक, दोन्हींच्या खाचा समोरासमोर आल्या की मधल्या पोकळीचा जो आकार तोच बाहेर येणाऱ्या कांबीचा. पण चौकोनी बिलेटचे चॅनल एका दमात होत नाही. एकामागून एक अनेक खाचांतून तिला जावे लागते. प्रत्येक खाच आधीच्या खाचेपेक्षा थोडी अरुंद आणि चॅनलच्या आकाराच्या थोडी जवळची. चौकोनाची आधी जाड पट्टी होते, पट्टीच्या कडा उचलू लागतात, मग पाठ आणि बाहू वेगळे दिसू लागतात.

यातला सर्वांत अवघड भाग बाहूंचा. रोल वरून आणि खालून दाबतात, बाजूने दाबत नाहीत. त्यामुळे आडवी पाठ सहज पातळ होते, पण सरळ उभे बाहू दाबले जात नाहीत. शिवाय उभ्या बाहूसाठी रोलमध्ये खोल खाच पाडावी लागते. खाचेच्या तळाशी रोलचा परिघ कमी, तोंडाशी जास्त, म्हणजे एकाच बाहूला दोन टोकांना दोन वेगांनी ओढले जाते. यावर पूर्वीच्या कारागिरांनी काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. बाहू आधी पंखांसारखे पसरून लाटायचे. मधल्या टप्प्यावर ही कांब उडत्या फुलपाखरासारखी दिसते, आणि या पद्धतीचे नावही ‘बटरफ्लाय’ असेच आहे. पंख हव्या त्या जाडीचे झाले की शेवटच्या एक-दोन खाचांत ते उभे करायचे.

तरीही मध्यम आणि हलक्या चॅनलचे बाहू आतून पूर्ण सरळ नसतात, मुळाशी जाड आणि टोकाशी पातळ असतात. खाचेला हा उतार दिला नाही तर गरम कांब खाचेत अडकून बसेल. गावोगावच्या वेल्डरला हा उतार अनुभवाने ठाऊक असतो. चॅनलच्या बाहूत आतून बोल्ट घातला की नट नीट टेकत नाही, एका कडेवर बसतो. अशा ठिकाणी पाचरीच्या आकाराचा वायसर घालायचा असतो. तो बहुतेक वेळा घातला जात नाही, आणि वाऱ्याने हादरे बसू लागले की तोच बोल्ट सर्वांत आधी ढिला होतो.

पातळ चॅनलचे रहस्यही याच रोलांत आहे. दोन रोलांमधले अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येते. तीच खाच, तीच बिलेट. अंतर थोडे कमी केले की पाठ पातळ होते, बाहूही बारीक होतात आणि एका बिलेटमधून जास्त लांबीचा माल निघतो. बाहेरचे माप जवळपास तेच राहते. मानकाने लाटण्यातील चुकीसाठी थोडी सूट दिलेली आहे, कारण खाचा झिजतात आणि कांब थंड होताना आकसते. ही सूट यंत्राच्या मर्यादेसाठी आहे. ती नेहमी एकाच बाजूला, वजन घटण्याकडेच कशी वापरली जाते, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

पोलाद किलोवर विकले जाते, मग पातळ मालात नुकसान कोणाचे, असे कोणी म्हणेल. काट्यावर खरेच कोणाचे नाही. अठ्ठेचाळीस किलोंच्या नगाचे पैसे अठ्ठेचाळीस किलोंचेच लागतात, आणि मालक खुशीत असतो की शंभरचे चॅनल स्वस्तात पडले. पण शेडचे काम बहुधा चौरस फुटाच्या दराने ठेका देऊन केले जाते. तिथे जितके लोखंड कमी तितका ठेकेदाराचा फायदा. मालकाने मागितलेला ‘शंभर’ हा शब्द पाळला जातो, शब्दामागचे लोखंड पाळले जात नाही.

हे लोखंड नेमके कुठून कमी झाले, याला फार महत्त्व आहे. चॅनलची सगळी हुशारी तिच्या आकारात आहे. मध्यम वजनाच्या शंभरच्या चॅनलमध्ये जेवढे पोलाद असते, तेवढ्याच पोलादाची भरीव चौकोनी कांब केली तर तिची बाजू साडेतीन सेंटिमीटरची होईल. वजन तेच, पण वाकण्याला चॅनलचा विरोध त्या कांबीच्या सुमारे पंधरापट असतो. कारण वाकताना सर्वाधिक ताण वरच्या आणि खालच्या कडेला येतो, आणि चॅनलने आपले पोलाद नेमके तिथे, बाहूंमध्ये नेऊन ठेवलेले असते. म्हणून बाहू एक-दीड मिलिमीटरने पातळ झाले तर सर्वांत कामाचे पोलाद गेले असे समजावे. तेच चॅनल पाठीवर आडवे टाकले तर वाकण्याला त्याचा विरोध सात पटींनी घटतो. घाईत बांधलेल्या मंडपांत आणि पोटमाळ्यांत ते असे टाकलेले सर्रास दिसते.

चॅनलची आणखी एक खोड आहे. दोन्ही बाहू एकाच बाजूला असल्याने वरून भार टाकला की ते नुसते वाकत नाही, पिळवटतेही. म्हणून ट्रॉलीच्या चासीला आडवे तुकडे जोडतात, खांबाला दोन चॅनल समोरासमोर लावून पेटी करतात. एकट्या चॅनलवर मोठा भार टाकायचा नसतो.

वाऱ्याचा हिशेबही इथेच करता येईल. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा अडवला गेला तर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो दाब पडतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. छपरावर हा वारा दाबतो त्यापेक्षा जास्त वर ओढतो. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाच किलोंच्या आसपास. म्हणजे दहा मीटर बाय सहा मीटरच्या साध्या शेडचे छप्पर वर उचलणारा जोर दोन-अडीच टनांवर सहज जातो, आणि छपराचे आपले वजन त्याच्या जवळपासही नसते. तो जोर आधी हुक-बोल्टवर, मग चॅनलवर, मग वेल्डिंगवर आणि शेवटी जमिनीतल्या पायावर येतो. यातली जी कडी कच्ची ती तुटते. दोष दर वेळी चॅनलचाच असतो असे नाही. नुसती टाचलेली वेल्डिंग आणि हातभर खड्ड्यात रोवलेला खांब यांनीही पुष्कळ शेड पडल्या आहेत.

गंजाचे गणित तर पातळ मालाला अधिकच महागात पडते. गंज जाडी पाहून खात नाही. ओल्या गोठ्यात, जनावरांच्या मूत्राजवळ किंवा खतांच्या गोदामात काही वर्षांत पाठीचा एक मिलिमीटर गेला, तर पाच मिलिमीटरच्या पाठीचा पाचवा भाग जातो. साडेतीन मिलिमीटरची असेल तर चौथ्या भागाहून जास्त.

जाडी मोजता तरी येते, पोलादाची जात मोजता येत नाही. बांधकामी पोलादासाठी आयएस २०६२ हे मानक आहे. त्यातल्या ई २५० या नेहमीच्या प्रतीत २५० म्हणजे चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन, साधारण पंचवीस किलो ताण येईपर्यंत पोलाद कायमचे वाकू नये. कार्बनवर मर्यादा आहे, आणि गंधक व फॉस्फरस यांवर तर कडक. फॉस्फरस वाढला की पोलाद थंडीत ठिसूळ होते. गंधक वाढले की लाटताना आणि वेल्डिंग करताना, म्हणजे ऐन गरम असताना, ते तडकते. आता अडचण अशी की नेहमीची इंडक्शन भट्टी वितळवते चांगली, पण शुद्ध करत नाही. तिच्या आतला लेप वाळूच्या जातीचा असतो आणि फॉस्फरस काढून टाकणारी चुन्याची प्रक्रिया त्याला सोसत नाही. त्यामुळे भंगारात जे आले ते बहुतांशी चॅनलमध्ये उतरते. अशा कारखान्याची गुणवत्ता भट्टीपाशी ठरत नाही, भंगाराच्या ढिगापाशी ठरते.

त्याच ढिगापाशी कामगाराचा जीवही टांगणीला असतो. बंद तोंडाचा सिलिंडर, आत पाणी राहिलेला पाइप किंवा पावसात भिजलेले भंगार भट्टीत गेले तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेले पोलाद उसळून बाहेर येते. भंगार निवडणे, कापणे, वाळवणे हे काम कमी मजुरीचे मानले जाते. पोलादाची प्रत आणि माणसांची सुरक्षितता ही दोन्ही त्याच हातांत असतात, हे कारखानदारीच्या हिशेबात क्वचितच धरले जाते. मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीपुढे असताना लाल कांबीशेजारी आठ तास उभे राहणाऱ्याला मिठाचे पाणी, पंखा, सावली आणि ठरावीक विश्रांती मिळायलाच हवी. त्याला सवलत म्हणू नये.

चॅनल गावात आल्यावर ही जोखीम वेल्डरकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. परभणीच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मात्र तोंडाला रुमाल आणि डोळ्याला साधा काळा चष्मा एवढीच तयारी दिसते. अलीकडे शेडसाठी आणि सौर पॅनेलखाली जस्ताचा मुलामा दिलेले पातळ सी आकाराचे चॅनल वापरतात. ते गरम लाटलेले नसते. थंड पट्टी रोलरमधून पुढे सरकत दुमडत जाते आणि ते तयार होते. त्याची जाडी कमी असली तरी आराखडा तसा केलेला असेल तर ते चांगले काम देते. पण त्यावर वेल्डिंग केली की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी, बहुधा संध्याकाळी घरी गेल्यावर, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडते. एक-दोन दिवसांत उतरतो म्हणून तो ‘साधा ताप’ ठरतो. असे चॅनल शक्य तिथे बोल्टनेच जोडावे. तसे केले की मुलामाही जळत नाही आणि गंज लवकर शिरत नाही.

आयएस २०६२च्या पोलादावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने सक्तीचे केलेले आहे. चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. मिलने दिलेल्या चाचणी प्रमाणपत्रावर त्या मालातील कार्बन, गंधक, फॉस्फरस आणि ताणाचे आकडे असतात. मोठे कंत्राटदार ते मागतात. चार नग नेणारा शेतकरी मागत नाही, आणि मागितले तर दुकानदार त्याच्याकडे नवलाने पाहतो.

म्हणून किमान दोन गोष्टी जिल्हा पातळीवर सहज होण्यासारख्या आहेत. पहिली, बिलावर नुसते ‘चॅनल १०० × ५०’ न लिहिता प्रकार आणि मीटरमागचे वजन लिहिण्याची सवय. शेतकऱ्याने आणि छोट्या दुकानदाराने ठेका देतानाच हा आकडा कागदावर घ्यावा. दुसरी गोष्ट सरकारी पैशाच्या कामांची. शाळेची शेड, बाजार समितीचा ओटा, गोठ्याचे अनुदान अशा कामांत तपासणी रंग चढवण्याआधी व्हावी, आणि लांबीबरोबर जाडीही मोजली जावी. कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय परभणीतच आहे. गोठा आणि शेडसाठी किती लांबीला कोणते चॅनल लागते, याचा एक पानी मराठी तक्ता तिथून निघाला आणि लोखंडाच्या दुकानांत लागला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

तोवर गिऱ्हाइकाच्या हातात काटा आहे. टेम्पो भरून माल आला की वजनाच्या पावतीवरच्या किलोंना एकूण मीटरने भागायचे. शंभरच्या चॅनलचे उत्तर साडेनऊच्या आसपास आले तर ते मध्यम वजनाचे, आठच्या आसपास आले तर हलके, आणि सातच्या खाली आले तर माल उतरवून घेण्याआधी दुकानदाराला फोन करायचा.